लॉकडाऊननंतरच्या कोविड अँटिबॉडी तपासण्या: ५७ टक्क्यांचे ४५ टक्के कसे झाले?

पोटमाळा
जुलै २०२० च्या पहिल्या पंधरवड्यात मुंबईतल्या तीन वॉर्डांत (आर उत्तर, एम पश्चिम, एफ उत्तर) ६,९३६ जणांचं रक्त तपासलं गेलं. महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांचं ते सर्वेक्षण. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडल्या, इमारतींत १६ टक्के. ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत तेच आकडे ४५ आणि १८ आले. इमारतींतले दोन टक्के वाढले हे समजतं. पण झोपडपट्टीतले बारा टक्के गेले कुठे? एकदा झालेला संसर्ग महिन्याभरात 'न झालेला' होत नाही.

हा प्रश्न जुना वाटेल, पण पुढची साथ आली की रुग्णालयांना पुन्हा हेच काम सांगितलं जाणार आहे. म्हणून प्रयोगशाळेत, पीएसएममध्ये (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक विभागात) किंवा आकडेवारीत काम करणाऱ्यांनी रक्त काढण्यापासून टक्केवारी छापण्यापर्यंत कुठे काय घसरतं ते इथे लिहावं. 'मला कोविड झाला तेव्हा' हे वेगळ्या धाग्यावर.

वडाळा_रोड
आधी रुग्णालयातली तपासणी आणि घरोघरचं सर्वेक्षण यांची गल्लत नको. तुम्ही दिलेले मुंबईचे आकडे वस्तीत जाऊन घेतलेल्या नमुन्यांचे आहेत.

रुग्णालयावर आधारलेली पद्धत केंद्राने मे २०२० मध्ये ठरवून दिली होती. प्रत्येक जिल्ह्यात १० रुग्णालयं, ६ सरकारी आणि ४ खाजगी. आठवड्याला २०० नमुने, महिन्याला ८००. त्यातले निम्मे, म्हणजे आठवड्याला १००, आरोग्य कर्मचाऱ्यांचे. उरलेल्यांत ५० ओपीडीत आलेले पण सर्दी-ताप-खोकला नसलेले रुग्ण आणि ५० गरोदर बाया. घशा-नाकाचे स्वॅब २५-२५ एकत्र मिसळून आरटी-पीसीआरला (विषाणू शोधणारी तपासणी), आणि सोबत रक्त घेऊन आयजीजी एलायझा (आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडी शोधणारी तपासणी). पुढच्या फेऱ्यांत नजर ठेवण्यासाठी पीसीआरऐवजी एलायझाच वापरायची असं त्यातच म्हटलं होतं. निकाल फक्त प्रसारावर नजर ठेवायला, कोणा एकाच्या निदानाला नाही, हेही स्पष्ट होतं.

गरोदर बायाच का, असं बरेच विचारतात. कारण त्या आजारी म्हणून येत नाहीत. एएनसीला (गरोदरपणाच्या तपासणीला) त्यांचं रक्त हिमोग्लोबिन, व्हीडीआरएल (सिफिलिस), एचआयव्हीसाठी तसंही काढलं जातं, वेगळी सुई लागत नाही. एचआयव्हीच्या सेंटिनेल पाहणीत (ठरावीक केंद्रांवरून ठेवलेली नजर) हीच युक्ती वर्षानुवर्षं चालली आहे: एका केंद्रावर ४०० नमुने, ठरलेल्या तारखेपासून ओळीने येतील तसे, नाव-गाव काढून टाकून. 'ओळीने' हा शब्द महत्त्वाचा. सिस्टर दमली म्हणून दुपारच्या बाया सोडल्या, तर लांबून एसटीने येणाऱ्या नेमक्या गळतात.

चिमटा
कर्मचाऱ्यांचे ५० टक्के नमुने घेऊन 'शहरात किती पसरलाय' हे कसं कळणार? ते तर सर्वांत जास्त धोक्यात.

वडाळा_रोड
@चिमटा, कळत नाही आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. म्हणूनच हा गट जास्त धोक्याचा आणि ओपीडी-एएनसी कमी धोक्याचा अशी विभागणी आहे. तिन्ही गटांची टक्केवारी वेगवेगळी ठेवायची. ८०० ची एकत्र सरासरी काढली की तो आकडा कोणाचाच राहत नाही.

कर्मचाऱ्यांत दुसरी गोची आहे. 'ज्यांना तपासायचंय त्यांनी या' अशी नोटीस लावली की ज्यांना 'मला होऊन गेला असणार' असं वाटतं तेच आधी रांगेत लागतात. जे त्या दिवशी विलगीकरणात आहेत ते यादीतच नसतात. त्यामुळे मस्टरवरून चिठ्ठ्या टाका, आणि मस्टर म्हणजे फक्त डॉक्टर-सिस्टर नव्हे. कंत्राटी सफाई कामगार, स्वयंपाकघर, लिफ्टमन, सुरक्षारक्षक यांची मस्टरं वेगळी असतात, ठेकेदाराकडे असतात. ती मागवून घ्यावी लागतात. कोविड वॉर्डच्या आयसीयूत पीपीई घालून काम करणाऱ्यांपेक्षा पीपीई न मिळणाऱ्या खात्यांत जास्त संसर्ग सापडू शकतो, आणि तेच तर शोधायचं असतं.

पिवळं_झाकण
रक्ताचं मी लिहिते. नव्वद टक्के गोंधळ मशीनच्या आधी होतो.

बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, पिवळ्या झाकणाचा, जेलवाला. नसेल तर लाल झाकणाचा प्लेन. ३ ते ५ मिली पुरे. काढल्यावर हळूच पाच वेळा उलटसुलट करायचा, घुसळायचा नाही. मग स्टँडमध्ये उभा, ३० मिनिटं. आडवा ठेवला की गुठळी भिंतीला चिकटते. घाई करून पंधराव्या मिनिटाला सेंट्रिफ्यूजला (गरागरा फिरवणाऱ्या यंत्राला) लावला तर सीरम (गुठळीवरचं पिवळसर पाणी) वर दिसतं खरं, पण त्यात फायब्रिनचे, म्हणजे गुठळीचे, धागे राहतात. डोळ्याला दिसत नाहीत. मशीनची सुई ते ओढते, कमी सीरम उचलते, आणि एकतर 'क्लॉट' म्हणून बोंब मारते किंवा गुपचूप चुकीचा आकडा देते. दुसरं जास्त वाईट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांना अर्धा तास पुरत नाही, तासभर द्या.

सेंट्रिफ्यूज १००० ते १३०० जी, १० मिनिटं. इथे लोक आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि जी (गुरुत्वाच्या किती पट जोर) यांत घोळ घालतात. रोटरची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर १३०० जी म्हणजे साधारण २,८०० आरपीएम. १० सेंटिमीटर असेल तर त्याच १३०० जी साठी ३,४०० लागतात. दुसऱ्या लॅबचा आकडा उचलून आपल्या मशीनवर लावू नका, पट्टीने त्रिज्या मोजा. आणि जेलचा बल्ब एकदा फिरवला की पुन्हा फिरवायचा नाही. जेलखाली अडकलेलं वर येतं.

सीरमचा रंग बघा. लालसर असेल तर हिमोलिसिस (पेशी फुटल्या), दुधी असेल तर चरबी. दोन्हींची नोंद करा, फार लाल असेल तर नमुना बाद. मग दोन क्रायोव्हायल (गोठवायच्या छोट्या कुप्या), प्रत्येकी ५०० मायक्रोलिटर. एक आज तपासायला, एक उघडायचीच नाही. २ ते ८ अंशांत आठवडाभर ठेवता येतं, त्यापुढे उणे २० किंवा त्याखाली. घरगुती 'फ्रॉस्ट फ्री' फ्रीजर वापरू नका. बर्फ साचू नये म्हणून तो स्वतःहून मधूनमधून गरम होतो, म्हणजे तुमचा नमुना रोज थोडा वितळतो, थोडा गोठतो.

खारपाडा
+१. ग्रामीण भागासाठी एक भर. प्राथमिक आरोग्य केंद्रावर सेंट्रिफ्यूज नसेल आणि अख्खं रक्त तालुक्याला पाठवायचं असेल तर बल्ब गोठलेल्या आइसपॅकला टेकवू नका. टेकलेल्या बाजूचं रक्त गोठतं, पेशी फुटतात, पोचेपर्यंत सीरम डाळिंबाच्या रसासारखं. आइसपॅक बाहेर काढून, त्याला घाम फुटून आतलं पाणी खुळखुळेपर्यंत थांबायचं. लसीकरणाच्या सिस्टरना हे सांगावंच लागत नाही, त्या रोज तेच करतात. मध्ये पुठ्ठा, बल्ब उभे. त्याच दिवशी पोचवा. गुरुवारी संध्याकाळी काढलेलं रक्त शुक्रवारी सुट्टी म्हणून सोमवारपर्यंत पडून राहिलं तर पाठवण्यात अर्थ नाही.

चिमटा
एवढा खटाटोप कशाला? बोट टोचून पट्टीवर दोन थेंब, पंधरा मिनिटांत निकाल.

कंट्रोल_वेल
@चिमटा, एप्रिल २०२० मध्ये तेच करून पाहिलं होतं. राज्याराज्यांतून निकालांत इतकी तफावत आली की आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) आधी वापर थांबवायला आणि मग काही किट परतच करायला सांगितले. पट्टी डोळ्याने वाचतात. फिकट रेघ कोणाला दिसते, कोणाला नाही. आकडा मिळत नाही, त्यामुळे नंतर कटऑफ (पॉझिटिव्ह ठरवायची हद्द) बदलून पुन्हा तपासायची सोयही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. 'अँटिबॉडी तपासणी' असं एक काही नसतं. काय पकडायचं ते तपासणीगणिक वेगळं.

मुंबईच्या पहिल्या फेरीत ॲबटच्या आर्किटेक्ट मशीनवरची केमिल्युमिनेसन्स (प्रकाश मोजणारी) तपासणी होती. ती विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धचं आयजीजी शोधते. निकाल निर्देशांकात येतो, कटऑफ १.४. म्हणजे १.३९ निगेटिव्ह, १.४० पॉझिटिव्ह. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) बनवलेली कवच एलायझा अख्ख्या निष्क्रिय विषाणूवर बेतलेली. जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत झालेल्या सर्वेक्षणात ५१.५ टक्के आले, ती तपासणी स्पाइकच्या (विषाणूच्या बाहेरच्या काट्याच्या प्रथिनाच्या) आरबीडी या तुकड्यावर. त्यामुळे 'मुंबई ५७, पुणे ५१.५, म्हणजे मुंबईत जास्त' हे वाक्यच चुकीचं. तपासणीही वेगळी, निवडलेली वस्तीही वेगळी.

आणि ॲबटच्या या तपासणीची एक ठाऊक असलेली खोड आहे. संसर्गानंतर काही महिन्यांत तिचा आकडा उतरत जातो, सौम्य किंवा लक्षणं नसलेल्यांत जास्त लवकर, कारण ते मुळातच कटऑफच्या जरा वर असतात. रोशची एकूण अँटिबॉडी मोजणारी तपासणीही एन वरचीच, पण तिचा आकडा बराच काळ टिकतो, कारण तिची रचना वेगळी आहे. म्हणजे तीच माणसं एका मशीनवर 'गेली', दुसऱ्यावर 'आहेत'.

आकडेमोड
बारा टक्क्यांचा हिशेब करू.

आधी योगायोग बाद करू. जुलैत झोपडपट्टीतले नमुने चार हजारांवर होते. ५७ टक्क्यांवरची साधी चूक-मर्यादा जेमतेम दीड टक्का. एकाच गल्लीतले लोक एकमेकांसारखे असतात म्हणून ती वाढवून दोन-सव्वादोन धरा. तरी ५७ चे ४५ नुसत्या नशिबाने होत नाहीत.

आता समजा खरा आकडा दोन्ही वेळा ६० टक्केच होता. तपासणीने १०० पैकी ९५ पकडले तर दिसतील ५७. उतरत्या अँटिबॉडींमुळे महिन्याभराने १०० पैकी ७५ च पकडले तर दिसतील ४५. हा पुरावा नव्हे, नुसती आकडेमोड. पण ती सांगते की एकही माणूस न बदलता ही घट होऊ शकते. इमारतींत घट का नाही? तिथे लाट उशिरा पोचली, अँटिबॉडी ताज्या होत्या, शिवाय नवे संसर्ग चालू होते.

चिमटा
सोयीचं उत्तर आहे. दुसऱ्या फेरीत वेगळ्या गल्ल्या, वेगळी घरं आली असतील तर? पहिल्यांदा 'आम्हाला झालाय' म्हणणारे उत्साहाने पुढे आले असतील तर?

आकडेमोड
तेही शक्य आहे, बहुधा दोन्ही थोडंथोडं. दोन फेऱ्यांत तीच माणसं नसतील तर नुसत्या टक्केवारीवरून हे वेगळं काढता येत नाही. कोणत्या निर्देशांकाला किती नमुने आले हे छापलं असेल तर येतं. अँटिबॉडी उतरल्या असतील तर ०.५ ते १.४ च्या पट्ट्यात गर्दी दिसेल. माणसं बदलली असतील तर ती गर्दी शून्याजवळ दिसेल. म्हणून म्हणतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा तक्ता ठेवू नका, प्रत्येक नमुन्याचा कच्चा आकडा ठेवा. एक्सेलमध्ये एक रकाना जास्त, बस.

उलट टोकाची चूक लॉकडाऊन नुकता उठल्यावरची. आयसीएमआरच्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत (मे-जून २०२०) देशभरात ०.७३ टक्के निघाले. महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव त्यात होते. इतक्या कमी प्रसारात खोटे पॉझिटिव्हच अंगावर येतात. कवचची प्रसिद्ध झालेली कामगिरी: संवेदनशीलता (बाधितांपैकी किती पकडते) ९२.३७ टक्के, विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह दाखवते) ९७.९ टक्के. हजार लोकांत खरे १० बाधित असतील तर ९ सापडतील, आणि उरलेल्या ९९० तले २१ खोटे पॉझिटिव्ह. म्हणजे ३० पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त ९. हे टाळायला पॉझिटिव्ह नमुने वेगळ्या प्रथिनावरच्या दुसऱ्या तपासणीतून काढतात, दोन्हींत आला तरच पॉझिटिव्ह धरतात.

दुरुस्तीचं सूत्र (टक्के १०० ने भागून घाला):
खरा दर = (दिसलेला दर + विशिष्टता − १) ÷ (संवेदनशीलता + विशिष्टता − १)

दिसले ३ टक्के तर खरे १ टक्का. दिसले २ टक्के तर उत्तर शून्याखाली जातं, म्हणजे 'काही सांगता येत नाही' असं लिहायचं. दिसले २० तर १९.८, फरक नगण्य. ज्या जिल्ह्यात कमी प्रसार, तिथे हे सूत्र लावल्याशिवाय आकडा पत्रकारांना देऊ नये.

आणि महिन्याच्या २०० एएनसी नमुन्यांबद्दल: १० टक्के आले तर त्याचा अर्थ ६ ते १४. गेल्या महिन्यात ८ आणि या महिन्यात ११ म्हणजे 'वाढ' नाही. तीन महिने सलग चढ दिसला तर बोला.

कंट्रोल_वेल
एलायझा करणाऱ्यांसाठी. कवचच्या एका धावेत ९० नमुने, अडीच तास. हे ९० कसे भरता त्यावर बरंच ठरतं.

एका वॉर्डाचे सगळे नमुने एका प्लेटवर (बारीक खळग्यांची ताटली, खळगा म्हणजे वेल) टाकू नका. पहिल्या प्लेटला धुलाई जरा कमी पडली की त्या वॉर्डाची टक्केवारी वाढते, आणि तुम्ही तिथे पथकं पाठवता. नमुने आधी मिसळा, मग भरा.

धुलाई हे एलायझाचं खरं दुखणं. बारा सुयांच्या वॉशरची (प्लेट धुणाऱ्या यंत्राची) एक सुई चोंदली तर अख्खी उभी ओळ गडद दिसते. आठ पॉझिटिव्ह एकाखाली एक आले तर ती साथ नाही, सुई आहे. शेवटच्या धुलाईनंतर प्लेट उलटी करून टिश्यूच्या गठ्ठ्यावर आपटा, तळाशी थेंब राहता कामा नये. किट फ्रीजमधून काढून लगेच वापरलं की कडेचे वेल आणि मधले वेल वेगवेगळे तापतात, कडेचे आकडे भरकटतात. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, उबवताना प्लेटा एकावर एक रचू नका. सबस्ट्रेट (रंग आणणारं द्रावण) पहिल्या वेलापासून ज्या क्रमाने आणि गतीने टाकलं त्याच क्रमाने, त्याच गतीने स्टॉप (रंग थांबवणारं द्रावण). नाहीतर शेवटच्या ओळीला दोन मिनिटं जास्त मिळतात.

काही लॅबनी २०२० मध्ये सुरक्षेसाठी सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं. तापवायचं तर सगळ्याच फेऱ्यांत तापवा, अर्धे तापवलेले अर्धे न तापवलेले असं नको.

पोटमाळा
छान चाललंय. उरलेल्या सीरमचं काय? मार्च २०२१ मध्ये मुंबईने घरोघर न जाता तेच केलं ना?

वडाळा_रोड
हो. चोवीसही वॉर्डांतून १०,१९७ नमुने, दवाखान्यांत आणि खाजगी लॅबमध्ये इतर तपासण्यांसाठी आलेल्या रक्तातले, ओळख काढून. एकूण ३६.३ टक्के. पालिकेच्या दवाखान्यांतून आलेले, म्हणजे मुख्यतः वस्त्यांतले, ४१.६१. खाजगी लॅबमधले २८.५९. त्या सुमारास दुसरी लाट इमारतींतून वर येत होती, आणि इमारतींतला आकडा १८ वरून साडेअठ्ठावीसवर गेलेला दिसतो. दिशा पटते. पण आधीचे १८ तीनच वॉर्डांतले आणि घरोघर घेतलेले, त्यामुळे नेमकी वाढ किती हे मी काढणार नाही. मुलांची पाहणीही अशीच झाली, एप्रिल ते जून २०२१, २,१७६ नमुने, ५१.१८ टक्के. मुलांना नुसत्या पाहणीसाठी टोचायची वेळ आली नाही हा मोठा फायदा.

तोटा असा की रक्त तपासायला येणारा माणूस निरोगी शेजाऱ्यापेक्षा वेगळा असतो: मधुमेही, वयस्क, गरोदर. आणि लॉकडाऊन उठताना ही गर्दीच बदलते. लॉकडाऊनमध्ये ओपीडीला फक्त अडलेले येत होते. लोकल १५ जून २०२० ला अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाल्या, सर्वांसाठी ठरावीक वेळांत १ फेब्रुवारी २०२१ ला. परळ-सायनच्या रुग्णालयांत कल्याण-पालघरचे रुग्ण किती येतात ते लोकलवर ठरतं. मग सप्टेंबर आणि फेब्रुवारीतला फरक विषाणूचा की रेल्वेचा? केसपेपरवरचा पिनकोड नमुन्यासोबत न्या, नाव नको. आणि पत्ता विचारताना 'गेले दोन महिने झोपायला कुठे होतात' असं विचारा. आधारवर सातारा असतं, माणूस धारावीत राहतो, आणि लॉकडाऊनमध्ये खरंच साताऱ्यात होता असंही निघतं.

वय आणि लिंग मात्र दुरुस्त करता येतं. नमुन्यात साठीपुढचे ३० टक्के आणि वॉर्डात १० टक्के असतील तर वयोगटागणिक दर काढून वॉर्डाच्या प्रमाणात भार द्या. रक्तपेढीच्या नमुन्यांत बहुतेक पुरुष, तिथे हे सक्तीचं.

खारपाडा
लसीकरणानंतर हे सगळं निकामी झालं ना?

कंट्रोल_वेल
निम्मं. कोविशील्डने फक्त स्पाइकच्या अँटिबॉडी तयार होतात. म्हणून स्पाइक पॉझिटिव्ह आणि एन निगेटिव्ह म्हणजे बहुधा लस, दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग होऊन गेलेला. कोव्हॅक्सिन अख्खा निष्क्रिय विषाणू, तिथे एनही पॉझिटिव्ह येऊ शकतं, ही युक्ती चालत नाही. त्यामुळे नमुन्यासोबत लसीचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख हवीच. 'लस घेतली: हो/नाही' एवढा रकाना असलेला फॉर्म कामाचा नाही. कवच तर अख्ख्या विषाणूवर बेतलेली, ती दोन्ही लसींना पॉझिटिव्ह दाखवू शकते.

आणि अँटिबॉडी आज दिसते म्हणजे संसर्ग दोनेक आठवड्यांपूर्वीचा किंवा त्याआधीचा. जूनच्या नमुन्यावरून 'अनलॉकमुळे वाढ' म्हणणारे मे महिना वाचत असतात.

पोटमाळा
मग पुढच्या वेळी ५७-४५ चा घोळ होऊ नये म्हणून नेमकं काय करायचं?

कंट्रोल_वेल
पिवळं_झाकण यांनी सांगितलेली दुसरी, न उघडलेली व्हायल. प्रत्येक फेरीतले २०-३० नमुने, त्यातले निम्मे कटऑफच्या आसपासचे, बाजूला ठेवायचे. पुढच्या फेरीला नवं किट, नवा लॉट आला की आधी तेच चालवायचे. जुन्या सीरमचा आकडा तोच आला तर मशीन ठीक, आणि घट आली असेल ती लोकांतली. जुन्या सीरमचाच आकडा पडला तर घट किटची.

पिवळं_झाकण
फक्त व्हायलवर मार्करने लिहू नका. स्पिरिटचा हात लागला की नंबर पुसला. उणे २० ला टिकणारं स्टिकर, बारकोड, आणि झाकणावर नव्हे, अंगावर. झाकणं अदलाबदल होतात.